पोट भरलेल्या पुड्या

कागद एकच होता, ओळी चार होत्या आणि खाली सहीसाठी रेघ मारलेली होती. धाकट्या दिरांनी तो चहाच्या कपाखाली दाबून वहिनींपुढे सरकवला. एरवी ज्या माणसाला स्वतःचा चहासुद्धा दुसऱ्याने हातात आणून द्यावा लागतो, तो आज वहिनींचा चहा घेऊन थेट भट्टीपर्यंत चालत आला, तेव्हाच त्यांनी ओळखलं की काहीतरी गळ्यात मारायचं चाललंय.

"वाचत काय बसताय? घरचंच आहे," दीर म्हणाले. "इथे एक सही करा, की झालं."

वहिनींनी चष्मा लावला आणि वाचलं. 'भट्टीवर काम करताना माझ्या निष्काळजीपणामुळे माती पुरेशी भाजली गेली नाही. त्यामुळे पुड्यांनी ओलावा शोषला नाही व आपल्या बुटांचे नुकसान झाले. याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. मला भट्टीच्या कामावरून दूर करण्यात आले आहे.' त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. अक्षरं तीच राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर गरम ट्रे होता, म्हणून त्यांनी आधी तो जागेवर ठेवला.

वहिनी म्हणजे कारखान्याच्या वहिनी. मालक त्यांना वहिनी म्हणत, म्हणून पुड्या भरणाऱ्या बायका, ट्रकवाला, टपाल आणणारा माणूस, सगळेच वहिनी म्हणत. नवरा आणि दीर या दोन भावांनी मिळून हा कारखाना काढला होता. नवरा गेला, दीर मालक झाले, आणि वहिनी जिथे होत्या तिथेच, भट्टीपुढे, राहिल्या. वय अठ्ठावन्न. सगळी मिळून पंचवीस वर्षं त्या भट्टीची धग अंगावर घेत होत्या.

इथे काय बनतं हे कुणाला सांगायला गेलं की लोकांचा चेहरा कोरा व्हायचा. नव्या बुटांच्या खोक्यात, औषधाच्या बाटलीत, कॅमेऱ्याच्या पेटीत एक चिमुकली पुडी सापडते, तिच्यावर 'खाऊ नये' असं छापलेलं असतं आणि आपण ती न बघताच फेकून देतो, ती पुडी. खोक्यात कोंडलेल्या हवेतलं पाणी ओढून घ्यायचं, वस्तूला बुरशी चढू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. बाकीचे लोक त्यात काचेसारखे मणी घालतात आणि वर प्लास्टिकचं कापड. वहिनींच्या पुडीत साधी चिकणमाती होती, डाळीच्या कणीएवढे दाणे करून भाजलेली, आणि वर जुन्या कागदाचा लगदा करून बनवलेला कागद. काम झालं की पुडी फाडायची आणि माती कुंडीत ओतायची. कचरा म्हणून मागे काही उरत नाही. ही युक्ती वहिनींचीच, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि त्यांनीही कधी लिहायला सांगितलं नव्हतं.

माती भाजणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. कमी तापली तर तिच्या आतलं पाणी आतच राहतं, मग ती बाहेरचं काय घेणार? जास्त तापली तर माती मरते. मेलेली माती ओल्या हवेत वर्षभर ठेवा, ढिम्म हलत नाही. दिरांनी भट्टीला आकडे दाखवणारं यंत्र बसवलं होतं, ते चांगलंही होतं, पण वहिनी प्रत्येक ट्रेमधला एक दाणा गार करून जिभेच्या टोकाला लावून बघत. दाणा जिभेला घट्ट चिकटला, ओढून काढावा लागला, की माती तयार. पुड्या भरणाऱ्या बायका हसायच्या, म्हणायच्या, वहिनींनी आजवर अख्खं शेत खाल्लं असेल.

भरलेली पुडी तराजूवर बरोबर दहा ग्रॅम. आणि मग खरी घाई. तहानलेली माती कुणाची वाट बघत नाही, ती आजूबाजूच्या हवेतलंच पाणी प्यायला लागते. म्हणून पाव तासाच्या आत पुड्या जाड पिशवीत, पिशवीचं तोंड आवळून बंद, पिशवी पत्र्याच्या डब्यात, डब्याला रबराची कडी आणि वर घट्ट झाकण. बुटांच्या कारखान्यात माल पोहोचला की डबे आणि पिशव्या परत यायच्या. एकेक पिशवी तीन तीन वर्षं चालायची. फाटली की वहिनी तिला चिकटपट्टी लावायच्या आणि ठिगळांची पिशवी म्हणून बायकांना दाखवायच्या.

मग बेबी शिकून आली. बेबी म्हणजे दिरांची मुलगी, सव्वीस वर्षांची झाली तरी घरात बेबीच. कंपन्यांच्या मालाला देखणं रूप कसं द्यायचं याचं तिने शिक्षण घेतलं होतं. पोरगी वाईट नव्हती. कामाला वाघ होती, काकूवर जीव होता. तिने आठ दिवस कारखान्यात फिरून सगळं बघितलं आणि पिशव्यांपाशी येऊन कपाळाला हात लावला.

"काकू, आपण जगाला सांगतो की आमचा माल निसर्गाला जपणारा आहे, आणि पाठवतो प्लास्टिकच्या पिशवीत? शोभतं का आपल्याला?"

"अगं, ती पिशवी आपण फेकतो कुठे? ती परत येते."

"पण दिसते ना प्लास्टिकची."

"मग पिशवी काढ, नुसते डबे ठेव. जरा कडी नवीन बसवू. हवा आत गेली नाही म्हणजे झालं."

"डबे तर अगदीच रॉकेलचे वाटतात, काकू."

आणि कागदी गोण्या आल्या. दिसायला काय सुंदर! मातकट रंग, त्यावर हिरवं पान, पानाखाली 'निसर्गाकडून निसर्गाकडे', आणि मधोमध तागाच्या जाळीची खिडकी, आतल्या पुड्या दिसाव्यात म्हणून. ओलावा पिणाऱ्या वस्तूच्या पिशवीला खिडकी! वहिनींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना वाटलं ही शोभेला असेल. पण सगळा माल त्यातूनच जाणार होता. बेबीने व्हिडिओ काढला, गोण्यांची रांग, मागे भट्टी, पुढे कुंडीत माती ओतणारा एक हात. हात वहिनींचाच होता. हजारो लोकांनी तो पाहिला, कुठल्याशा बक्षिसासाठी कारखान्याचं नाव गेलं आणि दीर आरशात बघून भांग पाडू लागले.

वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी बारा ताज्या पुड्या नव्या गोणीत घातल्या, गोणी गोदामात दोन दिवस ठेवली, मग एकेक पुडी तराजूवर ठेवली. बाराच्या बारा, साडेबारा ग्रॅम. त्यांनी आकडे कागदावर लिहिले आणि दिरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"भावोजी, या पुड्या बुटांपर्यंत पोचायच्या आधीच पाणी पिऊन बसतायत. आता त्या खोक्यात जाऊन नुसत्या झोपतील."

दिरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अडीच ग्रॅम? वहिनी, अडीच ग्रॅमसाठी तुम्ही जिने चढून वर आलात?"

तो कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि गोण्या जात राहिल्या.

पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. सहा हजार जोड बोटीने गेले, सहा आठवडे समुद्रावर राहिले, आणि पलीकडे खोकी उघडली तर बुटांना दाढ्या आलेल्या. पांढरी, मऊ, बोटभर बुरशी. फोटो आले, त्यामागून बुटांच्या कारखान्याचं पत्र आलं. पत्रात विचारलं होतं की पुड्यांनी काम का केलं नाही, आणि बजावलं होतं की समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर आम्ही पुन्हा प्लास्टिकच्या पुडीतल्या मण्यांकडे वळू. त्या पत्राला उत्तर म्हणून हा चार ओळींचा कागद तयार झाला होता.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "मी तुम्हाला आकडे आणून दिले होते."

"दिले होते ना. मी कुठे नाही म्हणतोय?" दिरांनी आवाज मऊ केला. "पण वहिनी, जरा विचार करा. गोण्यांचं नाव घेतलं तर अख्खी कंपनी उघडी पडते. बक्षीस जातं, बेबीचं हसं होतं. भट्टीवरचं माणूस चुकलं म्हटलं की विषय तिथेच संपतो. माणूस चुकतोच."

"मग तुमचं नाव लिहा. तुम्हीही माणूसच आहात."

"माझं कसं चालेल? मी मालक."

"आणि मातीचं काय? भट्टी कच्ची राहिली असं मी लिहून दिलं, तर उद्या कोण या मातीवर विश्वास ठेवील? लोक म्हणतील मण्यांची पुडीच बरी होती."

"ते नंतर बघू हो. तुम्हाला कोण फासावर देतंय?"

वहिनींनी कप उचलला, कागद उचलला, कागदाची नीट घडी केली आणि दिरांच्या शर्टाच्या खिशात घातली. चहा त्यांनी प्यायला. चहाचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मुलाने विषय काढला. मुलगा कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार आणि माल रवाना करण्याचं काम बघायचा. चतुर होता, गोड बोलायचा, आणि काका पुढच्या महिन्यात त्याला भागीदार करून घेणार होते.

"आई, एका कागदाला एवढं काय धरून बसायचं? तुला कोण कामावरून काढतंय? कागदावर काढतील. भट्टीवर तूच असणार."

"म्हणजे कागदावर मी नालायक आणि भट्टीवर कामाची."

"तसं नाही गं. त्या बुटांच्या कारखान्यातल्या लोकांना तुझं नावही माहीत नाही. कुणाला कळणारे?"

"मला कळेल ना," वहिनी म्हणाल्या.

"तू ना, सगळं मनाला लावून घेतेस."

वहिनींनी त्याचं ताट उचलून ठेवलं. पण रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. पंचवीस वर्षांत कुणी 'माती कच्ची' म्हणून एक पुडी परत केली नव्हती. एकदा ताप होता तरी त्या कांबळं पांघरून भट्टीपुढे बसल्या होत्या, कारण ट्रे आत होते. आणि आता सहा हजार जोडांच्या बुरशीवर त्यांचं नाव. नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या जबडा आवळूनच कामावर गेल्या. पण कुणी कागदाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. दीर समोर आले की तब्येतीची चौकशी करायचे, एकदा तर म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी भट्टीपाशी पंखा बसवू का?" घरी मुलगा स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवू लागला. वहिनींना वाटलं, उमजलं असेल. आपण ठाम राहिलो तर लोक ऐकतात, हे आपल्याला फार उशिरा कळलं, असंही वाटलं. त्या आठवड्यात त्या भट्टीपुढे गुणगुणत होत्या, आणि पुढे कधीही आठवलं की त्यांना त्या गुणगुणण्याचा राग यायचा.

मग एका दुपारी दीर म्हणाले, "वहिनी, उद्या भट्टी बंद ठेवू. तुम्ही कधीच्या बहिणीकडे गेला नाहीत. जाऊन या."

वहिनींना नवल वाटलं, पण बरंही वाटलं. फक्त आदल्या दिवसाचे चार ट्रे भट्टीतच होते आणि भट्टीत राहिलेली माती त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तासाभरात तिच्या पुड्या भरून डब्यात बंद करू आणि मग निघू, म्हणून त्या सकाळी आल्या. गोदामात दोन जुने डबे त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले होते. पुड्या भरून होताहेत तोच दारात पावलं वाजली. पुढे एक अनोळखी बाई, खांद्याला मोठी पिशवी, पायात सपाट बूट. मागे दीर, बेबी आणि मुलगा. वहिनींना पाहून दिरांचा चेहरा पडला.

बाई बुटांच्या कारखान्यातल्या माल तपासणाऱ्या होत्या. त्यांनी भट्टी पाहिली, ट्रे पाहिले, मग वहिनींकडे वळून जरा थांबल्या.

"तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"भट्टीवरच्या." तपासनीस बाईंचा आवाज कठोर नव्हता, उलट त्यात नको इतकी माया होती. "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. चूक लिहून कबूल करायला मोठं मन लागतं. माझी आई तुमच्याच वयाची आहे. तिलाही हल्ली गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही."

"मी काय कबूल केलं?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून फाइल काढली आणि फाइलमधून कागद. त्याच चार ओळी. खाली रेघ, आणि रेघेवर वहिनींची सही.

वहिनींनी कागद उजेडाकडे धरला. सही हुबेहूब होती. नावाचं पहिलं अक्षर मोठं, शेवटची वेलांटी खाली ओढलेली, सगळं तंतोतंत. पण सहीखाली त्या एकच रेघ मारत आणि इथे दोन होत्या. दोन रेघा कोण मारायचं ते त्यांना माहीत होतं. सातवीत असताना गणितात बारा मार्क पडले, तेव्हा मुलाने प्रगतिपुस्तकावर अशीच आईची सही ठोकली होती, खाली दोन रेघा मारून. तेव्हा त्यांनी त्याला एक धपाटा घातला होता आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. चार घरी जाऊन सांगितलंही होतं, किती हुशार आहे म्हणून.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो भट्टीच्या आकड्यांकडे बघत होता.

"ही सही माझी नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनींना हल्ली लक्षात राहत नाही," दीर घाईघाईने पुढे आले. "नंतर केली ना, वहिनी? मी चहाबरोबर आणला होता तोच कागद बघा."

आता मात्र वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. आधी निष्काळजी, मग कबुलीदार, आणि आता विसरभोळी. आणखी पाच मिनिटं गप्प राहिलो तर हा माणूस आपल्याला वेडी ठरवून घरी पोचवील, हे त्यांना स्वच्छ दिसलं. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तराजू पुसला.

"बाई, तुम्ही माल तपासता ना? मग जरा इकडे या. बेबी, गोदामातून तुझी ती पानवाली गोणी आण. आहे तशी आण."

बेबीने गोणी आणली. वहिनींनी आधी आत्ताच भरलेली पुडी तराजूवर ठेवली. दहा ग्रॅम. मग गोणीतली पुडी ठेवली. साडेबारा. दुसरी ठेवली. साडेबाराच. मग त्या बाईंकडे वळल्या.

"आम्ही पुडी भरतो ती दहा ग्रॅमची, तराजूवर बघून. माती ओली असो की कोरडी, भरताना वजन दहाच. आता सांगा, मी माती कच्ची ठेवली असती, आत पाणी आधीच असतं, तर तिने आणखी पाणी घेतलं असतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग पुडी दहाची दहाच राहिली असती. ही साडेबाराची झाली. म्हणजे भरली तेव्हा माती खडखडीत कोरडी होती, तहानलेली होती, आणि अडीच ग्रॅम पाणी ती नंतर प्यायली. कुठे प्यायली? या खिडकीच्या गोणीत. आमच्या गोदामात, ट्रकमध्ये, तुमच्या गोदामात. तुमच्या बुटांच्या खोक्यात गेली तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं. पोट भरलेल्याला जेवायला बसवलं, तर तो काय खाणार?"

तपासनीस बाईंनी गोणीची जाळी बोटाने चाचपली. मग पिशवीतून त्यांनी बुरशी आलेल्या खोक्यांतल्या दोन पुड्या काढल्या, नमुना म्हणून बरोबर आणलेल्या, आणि स्वतःच तराजूवर ठेवल्या. साडेबाराच्याही किंचित वर काटा गेला.

"आणि आम्ही," त्या हळू म्हणाल्या, "आम्ही या गोण्यांसमोर उभं राहून फोटो काढले. आल्या तशा दोन महिने उघड्या ठेवल्या, छान दिसतात म्हणून."

"काकू, पण हे तू आधी का नाही सांगितलंस?" बेबीचा आवाज रडवेला झाला होता.

"तुझ्या बाबांना सांगितलं. बारा पुड्यांचे आकडे लिहून दिले. माल जायच्या आधी."

बेबी वडिलांकडे वळली. "बाबा? तुम्हाला माहीत होतं?"

दिरांनी घसा साफ केला.

"मी एका आठवड्यात गोण्या बदलल्या असत्या," बेबी म्हणाली. "मला कुणी सांगितलं असतं तर मीच बदलल्या असत्या. माझं हसं होऊ नये म्हणून तुम्ही काकूला..." तिने गोणी उचलली आणि खिडकीपाशी टरकन फाडली. पुड्या जमिनीवर सांडल्या.

तपासनीस बाईंनी फाइल मिटली नव्हती. "मालाचं समजलं," त्या म्हणाल्या. "मातीत खोट नाही, तसं मी लिहीन. पण या कागदाचं काय? सही तुमची नाही, तर मग कुणाची?"

वहिनींनी दिरांकडे पाहिलं. मनात सगळं तयार होतं, वर्षानुवर्षांचं. तुम्हीच याच्याकडून करून घेतलीत, माझ्याच पोराच्या हातून माझा गळा कापलात, भागीदारीचं गाजर दाखवलंत. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"माझ्या मुलाची," त्या म्हणाल्या. "आणि कुणी करायला लावली तेही विचारा."

"मी नाही हो," दीर म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या तोंडावर बनवाबनवी नव्हती, नुसती भीती होती. "शपथ घेतो, वहिनी. त्याने माझ्याकडून कागद नेला आणि सहीसकट परत आणून दिला, मला म्हणाला, आईने केली सही. मला तर नवल वाटलं होतं. म्हणून तर पंख्याचं विचारलं. आज तुम्हाला घरी पाठवत होतो ते एवढ्यासाठीच, तुमच्या तोंडावर हा कागद निघायला नको म्हणून."

भट्टी गार होत आली होती आणि पत्रा आकसताना टक टक वाजत होता. सगळे मुलाकडे बघत होते.

"काकांनी नाही सांगितलं," मुलगा म्हणाला. "मीच केली."

"का?"

"आई, आता इथे नको ना."

"इथेच. का केलीस?"

त्याने खांदे उडवले. त्याला खरंच लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि तेच वहिनींना सगळ्यात जास्त लागलं. "मला वाटलं, तू शेवटी करशीलच. नाही नाही म्हणतेस आणि मग करतेस. नेहमीच करतेस. म्हटलं, आठ दिवस कशाला घालवायचे?"

ते खोटं नव्हतं. कारखाना दिरांच्या नावावर झाला तेव्हा त्या आधी नाही म्हणाल्या होत्या आणि मग त्यांनी सही केली होती. मातीची युक्ती कंपनीची म्हणून नोंदवली तेव्हाही. मुलाने ते सगळं बघितलं होतं, आणि आईबद्दल तो जे काही शिकला ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. राग तसाच होता, उलट वाढलाच होता, पण आता तो कुठे टाकायचा ते कळेना.

मुलगा पुढे आला आणि त्याने कागदाला हात घातला. "द्या तो. फाडून टाकतो, म्हणजे झालं."

"फाडायचा नाही." वहिनींनी कागद आपल्याकडे ओढला, टेबलावर सरळ केला आणि बाईंकडून पेन मागून घेतलं. "बस. खाली जागा आहे, तिथे लिही."

"काय लिहू?"

"आत्ता बोललास तेच. ही सही मी केली. आई शेवटी करेलच असं मला वाटलं, म्हणून केली."

"आई, हे लोक त्यांच्या कारखान्यात नेणार तो कागद. माझं नाव..."

"माझंही होतं त्यावर."

त्याने काकांकडे पाहिलं. काका जमिनीवरच्या पुड्यांकडे बघत होते. बेबीकडे पाहिलं. बेबीने मान फिरवली. तपासनीस बाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या हो. मुलगा आहे तुमचा. मला कळलं, तेवढं पुरे आहे."

"मला पुरे नाही," वहिनी म्हणाल्या.

मुलगा स्टुलावर बसला. दोन ओळी लिहायला त्याला बराच वेळ लागला. मध्येच पेन थांबलं, तेव्हा वहिनी जागच्या हलल्या नाहीत, आणि पेन पुन्हा चालू झालं. खाली त्याने सही केली. स्वतःच्या नावाची, आणि सवयीने दोन रेघा मारल्या.

वहिनींनी कागद उचलून चष्म्याखाली धरला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. तारीख राहिली होती. ती त्यांनी त्याच्याकडून घालून घेतली आणि मग कागद तपासनीस बाईंच्या हातात दिला.